टोमॅटो वाळला, हे कशावरून ओळखायचं?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं वाळवणाची आहेत. दर वर्षी याच दिवसांत असं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली टोमॅटोची रोपं माघात एकदम पिकायला लागतात, बाजारातही भाव पडलेला असतो, आणि शेजारीपाजारी वाटूनही घरातली टोपली रिकामी होत नाही. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पावसाळा सोडला तर माझ्या गच्चीवर कायम काही ना काही वाळत असतं. खाली जे सांगते ते या गच्चीवर केलेलं आहे. जिथं चुकले तेही सांगते.

प्रश्न (पलूस) : ताई, घरामागं टोमॅटोची बारा रोपं आहेत. यंदा इतके लागले की संपेनात, म्हणून चिरून स्टीलच्या ताटांत गच्चीवर वाळत घातले. तिसऱ्या दिवशी बघितलं तर वरून सुकलेले आणि खालून पांढरी बुरशी. ऊन तर कडक होतं. काय चुकलं?

उत्तर : चूक ताटाची आहे. टोमॅटोच्या शंभर भागांत 94-95 भाग पाणी असतं. ते वरून जसं उडून जायला हवं तसंच खालूनही जायला हवं. ताटात खालच्या अंगाला रस साचतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि ऊन तो रस कोमट ठेवतं. बुरशीला दुसरं काय पाहिजे? वाळवणात उन्हाइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, काम वारा करतो. ऊन पाणी सुटं करतं, वारा ते घेऊन जातो. तुमच्याकडं पहिलं झालं आणि दुसरं राहिलं.

माझी मांडणी अशी असते. गच्चीवर चार कोपऱ्यांना दोन-दोन विटा, त्यावर लाकडी चौकट, आणि चौकटीला ताणून बसवलेली स्टीलची बारीक जाळी. खालून हात सहज जाईल इतकी जागा राहते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जस्ताची जाळी घेऊ नका, ॲल्युमिनियमचा पत्राही नको. टोमॅटो आंबट असतो, तो आंबटपणा धातूला खातो आणि ते सगळं फळात उतरतं. स्टीलची जाळी मिळत नसेल तर बांबूची चाळण घ्या आणि तिच्यावर धुतलेलं मलमल अंथरा. वरून दुसरं मलमल माश्यांसाठी टाका, पण ते टोमॅटोला टेकता कामा नये, नाहीतर चिकटतं.

आता फळं. लांबट, गराची, कमी बियांची फळं उत्तम. रोमा जातीची रोपं घरी असतील तर निम्मं काम झालं. गावरान गोल टोमॅटो चवीला सरस, पण रसाळ असल्यानं एक-दोन दिवस जास्त घेतात. त्यांच्या बिया आणि पाणी बोटानं काढून टाका आणि तो रस त्याच दिवशी सारात घाला, फेकू नका. फळ पूर्ण पिकलेलं पण घट्ट हवं. डाग पडलेलं, फुटलेलं, किडीचं तोंड असलेलं फळ यात चालत नाही, तो भाग कापून टाकूनही चालत नाही.

लहान टोमॅटोचे दोन भाग, मोठ्याचे चार. चकत्या करणार असाल तर अर्ध्या सेंटीमीटरच्या करा आणि सगळ्या एकसारख्या. हा एकसारखेपणा फार महत्त्वाचा आहे. एका चौकटीवर जाड आणि पातळ फोडी मिसळल्या की पातळ करपतात आणि जाड ओल्या राहतात, आणि सगळ्या एकाच बरणीत गेल्या की जाड फोडींची ओल सगळ्यांना लागते. किलोला दोन सपाट चमचे मीठ कापलेल्या अंगावर भुरभुरा, अर्धा तास जाळीवर पालथ्या घाला. खाली किती पाणी गळतं ते बघून पहिल्यांदा मीही चकित झाले होते. मग कापलेलं अंग वर करून मांडा, फोडींमध्ये बोटभर अंतर ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचा भाग सुकला की उलटा.

चौकट तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका. मी एकदा जिन्यावरच्या पत्र्यावर ठेवली होती, लवकर होईल म्हणून. फोडी दुपारपर्यंत वरून कडक झाल्या आणि मला वाटलं, एका दिवसात जमलं. वरची साल आवळून बसली की आतल्या ओलीला बाहेर यायला वाटच उरत नाही. संध्याकाळी एक फोड फाडली तर आत ओला गर तसाच होता.

दिवस मावळायच्या आत सगळं घरात. रात्री उघड्यावर राहिलं की दव पडतं आणि दिवसभरात गेलेलं पाणी परत येतं. सांगली, पलूस, तासगाव या पट्ट्यात मार्चच्या शेवटी चौथाई फोडी मला तीन दिवस घेतात, अर्ध्या फोडी पाच. फेब्रुवारीत त्याहून जास्त. माझ्या वहीत गेल्या मार्चची नोंद आहे : ओले टोमॅटो 4 किलो, वाळून 230 ग्रॅम. एवढंच उरतं, म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. बाकीचं पाणीच होतं.

प्रश्न (कराड) : गेल्या उन्हाळ्यात टोमॅटो छान वाळवले, हवाबंद डब्यात भरले. आषाढात डबा उघडला तर आत बुरशी. डबा तर घट्ट होता, मग ओल शिरली कुठून?

उत्तर : ओल बाहेरून शिरली नाही, ती भरतानाच आत होती. माझ्याही हातून हेच झालेलं आहे. आई गेली त्या वर्षी घाईत भरलेली बरणी होती. जुलैत उघडली, वास आला, आणि आठवडाभराची मेहनत टाकावी लागली. तेव्हापासून मी वाळवायला जितकी मेहनत घेते तितकीच भरायला घेते.

फोड गरम असताना तपासू नका. उन्हातून आणलेली फोड मऊच लागते, आणि काही वेळा उलटंही होतं, वरून कडक वाटते. सावलीत अर्धा तास गार होऊ द्या. मग सगळ्यांत जाड फोड निवडा आणि मधोमध फाडा. फाडलेल्या कडेला बोटांनी दाबा. पाण्याचा ठिपका दिसला, बोटाला ओल लागली, की अजून एक दिवस. वाळलेली फोड चामड्यासारखी वाकते, मोडत नाही, पण बोटाला चिकटतही नाही. पूड करायची असेल तर तिथं थांबू नका, कट्‌कन मोडेपर्यंत वाळवा.

एवढ्यावरही लगेच डबा बंद करायचा नाही. काचेची बरणी घ्या, आतलं दिसायला हवं. ती दोन तृतीयांशच भरा, झाकण लावा आणि स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर ठेवा. रोज एकदा हलवा. आठ दिवस. एखाद्या फोडीत जास्त ओल राहिली असेल तर ती बाकीच्या कोरड्या फोडींत वाटली जाते आणि सगळ्यांची ओल सारखी होते. या दिवसांत काचेला आतून दमटपणा दिसला किंवा फोडी एकमेकींना चिकटून गोळा झाला, तर काही बिघडलेलं नाही, परत एक दिवस ऊन दाखवा. मात्र बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तर पूर्ण बरणी टाका. वरचं काढून खालचं वापरू नका. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुष्कळ पुढं गेलेले असतात.

आठ दिवस नीट गेले की लहान लहान बाटल्यांत भरा. मोठी बरणी रोज उघडली जाते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात प्रत्येक उघडण्याबरोबर दमट हवा आत जाते. लहान बाटली आठ-दहा दिवसांत संपते. उघड्यावर वाळवलेल्यात किडीची अंडी असू शकतात, त्यासाठी भरलेल्या बाटल्या उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये 48 तास ठेवा. नंतर अंधाऱ्या, गार कपाटात. बाटलीवर महिना लिहा. वर्षभर टिकतात, पण सहा महिन्यांनंतर रंग काळपटत जातो, चवही उतरते.

प्रश्न (मिरज) : काकू, मी कॉलेजला आहे. दुकानात तेलात बुडवलेले वाळलेले टोमॅटो मिळतात ते फार महाग असतात. आईनं वाळवलेल्या टोमॅटोत लसूण ठेचून, तेल घालून बरणी भरली तर मे महिन्यापर्यंत टिकेल ना? दादाला पुण्याला पाठवायची आहे.

उत्तर : बाळ, ही बरणी पाठवू नकोस. तू प्रेमानं करते आहेस म्हणूनच स्पष्ट सांगते.

माझं आजोळ हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथं हळद पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, वरून तोंड बंद. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं राहते. लहानपणी मला वाटायचं, ही सगळी बंद तोंडाची किमया आहे. आजोबा सांगायचे, पेवात जाते ती हळद शिजवून, उन्हात खणखणीत वाळवलेली असते, दोन कुड्या एकमेकींवर आपटल्या की वाजते. कोरडी म्हणून टिकते. 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि तीच हळद नासली, पुष्कळ पेवं कायमची निकामी झाली.

तेलाची बरणी म्हणजे लहानसं पेवच. तेलाखाली हवा पोचत नाही. आत घातलेलं पूर्ण कोरडं असेल तर ठीक. पण ताजा लसूण ओला असतो, तो मातीतून आलेला असतो आणि आंबट नसतो. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. ओल, हवेचा अभाव आणि आंबटपणाची कमतरता या तीन गोष्टी एकत्र आल्या की खोलीच्या साध्या तापमानाला तो वाढतो आणि विष तयार करतो. ते विष नसांवर काम करतं, श्वास बंद पाडू शकतं. त्याला वास नाही, चव नाही, बरणी बघून काहीही कळत नाही. बुरशी निदान दिसते तरी.

आपलं कैरीचं लोणचंही तेलात असतं, मग ते कसं चालतं, हे तू विचारशीलच. तिथं मीठ भरपूर असतं आणि कैरी कडक आंबट असते, त्या दोन्हींमुळं हा जिवाणू डोकं वर काढू शकत नाही. तुझ्या बरणीतल्या लसणाला यातलं काहीच पुरेसं मिळत नाही.

दादाला कोरडे टोमॅटो पाठव आणि सोबत चिठ्ठी दे. सहा-सात फोडी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, पिळायच्या, चिरायच्या, मग तेल, ठेचलेला लसूण, मीठ घालून त्याच दिवशी खायचं. उरलंच तर फ्रीजमध्ये, आणि चार दिवसांच्या आत संपवायचं. भिजवलेलं पाणी आमटीत घालायला सांग, त्यात चव असते.

प्रश्न (वडूज) : माझं वय 74. पत्र नात लिहिते आहे. आमच्यात हरभऱ्याचा पाला आणि गवार वाळवून ठेवायची रीत आहे. तुम्ही मागं लिहिलं होतं की भाजी उकळत्या पाण्यातून काढून मग वाळवावी. आम्ही पाला कधी धुतसुद्धा नाही. मग आमचं चुकतं का?

उत्तर : आजी, नमस्कार. तुमचं चुकत नाही. मी मोघम लिहिलं होतं, ते चुकलं.

हरभऱ्याच्या पाल्यावर जी आंब असते, ज्यानं खुडताना बोटं चरचरतात, ती निसर्गानंच दिलेली आंबट पदार्थांची फवार आहे. धुतलं की ती जाते आणि भाजीची चवही जाते. फुलं यायच्या आधी शेंडे खुडायचे, निवडायचे, सावलीत किंवा कोवळ्या उन्हात पातळ पसरायचे, हीच खरी रीत. फक्त त्या शेतात औषध मारलेलं नाही याची खात्री असली पाहिजे. मारलं असेल तर तो पाला वाळवूच नये. मेथीही तशीच, पण ती धुवून, पाणी पूर्ण निथळून, सावलीत. कडक उन्हात हिरवा रंग उडतो, आणि रंगाबरोबर बरंच काही जातं.

गवारीचं मात्र वेगळं. शेंग तोडल्यानंतरही तिच्या आतली पिकवणारी द्रव्यं काम करत राहतात, वाळल्यावरसुद्धा हळूहळू. त्यामुळं काही महिन्यांत शेंगेला गवताचा वास येतो आणि शिजवताना ती चिवट राहते. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात काढली की ते काम थांबतं. गाजर आणि घेवड्याच्या हिरव्या शेंगांनाही हाच नियम. टोमॅटोला याची गरज नाही, त्याचा आंबटपणा पुरतो. भेंडी मी तशीच चिरून वाळवते, कारण उकळली की बुळबुळीत होते.

पुढच्या वर्षी गवारीचे दोन वाटे करून बघाल का? एक तुमच्या रीतीनं, एक उकळून. श्रावणात दोन्हींची भाजी करा आणि नातीकडून मला कळवा. तुमच्या जिभेचा निकाल मी इथं छापीन.

प्रश्न (सातारा) : शाहूपुरीत राहतो, गच्ची नाही, आणि जूननंतर तर ऊन दिसतच नाही. विजेवरचं वाळवणी यंत्र घ्यावं का? की घरच्या ओव्हनमध्ये होईल?

उत्तर : साताऱ्यात पावसाळ्यात उघड्यावर काहीच वाळत नाही, ते खरं. हवेतच इतकं पाणी असतं की ती आणखी घेऊ शकत नाही. बहुतेक घरगुती ओव्हनचं सगळ्यांत कमी तापमान 100 अंशांच्या आसपास असतं, टोमॅटोला 55 ते 65 हवं. दार किंचित उघडं ठेवून जमतं, पण नजर हटवता येत नाही आणि वीजही वाया जाते.

यंत्र घ्यायचं तर दोनच गोष्टी बघा : आत पंखा आहे का, आणि तापमान ठरवता येतं का. पंखा नसलेलं यंत्र म्हणजे नुसती गरम पेटी. 400 वॉटचं यंत्र 12 तास सलग चाललं तर जास्तीत जास्त 5 युनिटच्या आत वीज लागते. त्यात दीड-दोन किलो टोमॅटो होतात, म्हणजे हाती येतात शंभर-सव्वाशे ग्रॅम. वर्षातून दोनदा वापरणार असाल तर घेऊ नका. त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये दुष्काळी भागातल्या एखाद्या नातेवाइकाकडं, माण-खटावकडं, टोमॅटो घेऊन जा. तिथल्या कोरड्या हवेची बरोबरी यंत्राला येत नाही.

प्रश्न (मेढा) : उरलेल्या बारीक स्ट्रॉबेरी वाळवता येतात का?

उत्तर : येतात. देठ काढून दोन भाग करा, कापलेलं अंग वर. साखर नको, मीठ तर नकोच. मार्चनंतरचीच घ्या, तेव्हा तुमच्याकडची हवा कोरडी असते. बाकी तपासणी टोमॅटोसारखीच.

प्रश्न (विटा) : अंगणातल्या वेलाची द्राक्षं घरी वाळवली. बेदाणा काळा झाला आणि तीन आठवडे लागले. तासगावसारखा हिरवा-पिवळा का होत नाही?

उत्तर : तुमचा काळा बेदाणा चांगला आहे, निश्चिंतपणे खा. द्राक्षावर मेणासारखा पातळ थर असतो, तो पाणी आत धरून ठेवतो, म्हणून वेळ लागतो. तासगावकडं घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यानं त्या थराला सूक्ष्म वाटा पडतात. मग शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत आणि वाऱ्यात, साधारण दोन आठवड्यांत माल तयार होतो. रंग राखायला गंधकाची धुरी देतात. त्यामागं तिथल्या लोकांचा कित्येक वर्षांचा हात आहे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो.

घरी धुरी देऊ नका, तो धूर छातीला बाधतो. घडातून मणी सुटे करा, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, गार पाण्यात काढा, फडक्यावर कोरडे करा आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. सालीला बारीक तडे जातात आणि बरेच दिवस वाचतात. रंग तांबूस येईल.

प्रश्न (आटपाडी) : दोन दिवस वाळवलेल्या फोडी होत्या. दुपारी शेतावर असताना वळीव आला आणि सगळ्या भिजल्या. परत उन्हात घालू का?

उत्तर : परत वाळवू नका. अर्धवट सुकलेल्या फोडी भिजल्या की त्यांत रात्रीतून आंबण सुरू होते, आणि मग वरून कितीही वाळल्या तरी आतला वास जात नाही. पण त्याच संध्याकाळी हातात आल्या तर टाकायच्याही नाहीत. पावसाबरोबर धूळ आलेली असते, म्हणून एकदा धुवून पिळून घ्या. कढईत तेल, जिरं, भरपूर लसूण, त्यात फोडी परता. घरचा कांदा-लसूण मसाला, मूठभर शेंगदाण्याचा कूट, चिमूटभर गूळ. मीठ आधीच लागलेलं असतं, चाखून मगच घाला. तेल सुटेपर्यंत परतली की ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन दिवस पुरते, फ्रीजमध्ये ठेवलीत तर चार. वळवाच्या दिवसांत दुपारी दोननंतर घरी कुणी नसणार असेल, तर चौकट सकाळीच ओसरीत ओढून ठेवा. ओसरीत ऊन नसलं तरी वारा असतो.